कॅमेरा भाड्याने देणे आहे

दौंडात रेल्वे कॉलनीच्या मागच्या बोळात एका घरावर निळी पाटी होती. तिच्यावर पांढऱ्या रंगात दोन ओळी होत्या : 'कॅमेरा भाड्याने देणे आहे. घोरणाऱ्याने आधी सांगावे.'

पहिली ओळ वाचून मी पायरी चढलो आणि दुसरी वाचून पुन्हा खाली उतरलो. माझ्या बहिणीचं लग्न आमच्या गावी, न्हावऱ्याला, ठरलं होतं. लग्नात चार फोटो निघावेत एवढीच तिची हौस होती आणि गुड्स ऑफिसातल्या कुणीतरी मला या घराचा पत्ता दिला होता. पण फोटो काढणारा घोरला तर कॅमेऱ्याला काय होतं, हे काही केल्या माझ्या ध्यानात येईना.

तेवढ्यात आतून आवाज आला, "वाचून झालं आसंल तर आत या. उनात उभं ऱ्हाऊन अक्कल वाढत न्हाई."

हे आप्पा. डोक्याला पटका, अंगात बंडी आणि खाली लष्करातली खाकी अर्धी चड्डी. वरचा माणूस शेतकरी आणि खालचा शिपाई, आणि दोघांचं एकमेकांशी कधी पटलं नसावं असा एकूण अवतार.

"कॅमेरा बघायचाय," मी म्हणालो.

"बघा की. चपला भाईर काढा."

अंगण ओलांडून ते मला एका खोलीपाशी घेऊन गेले. दारातून आत शिरताना माझं कपाळ कशावर तरी दाणकन आपटलं. "डोकं सांभाळा," आप्पा मागून म्हणाले. हा इशारा ते प्रत्येकाला देत आणि नेहमी आपटल्यावरच देत. दाराच्या आतल्या बाजूला विटांची एक कमान होती. तिच्यावर काहीही टेकलेलं नव्हतं आणि तिचा कुणालाही उपयोग नव्हता. आत दोन लोखंडी कॉट, एक खिडकी, एक बल्ब.

मी इकडेतिकडे पाहिलं. "कुठाय?"

"काय?"

"कॅमेरा."

"तुम्ही त्यातच उभं हायसा," आप्पा म्हणाले.

दुसरा कुणी असता तर भडकला असता. मी भडकलो नाही, कारण मला खरी गरज खोलीचीच होती. दौंडात नोकरीला लागून काही महिने झाले होते आणि राहायला जागा मिळत नव्हती. जागा नव्हत्या असं नाही. दौंड म्हणजे जंक्शन. ड्रायव्हर, गार्ड, कारकून, बदलीवर येणारे-जाणारे, घराघरात एखादी खोली भाड्याला. रेल्वेतला मुलगा म्हटल्यावर मालक आधी खुशीत यायचे. मग विचारायचे, "आडनाव काय आपलं?" आम्ही बौद्ध, आणि माझ्या आडनावावरून ते लगेच कळतं. आडनाव सांगितलं की खोली कालच गेलेली असायची. एका मालकाची तर मला दाखवता दाखवता गेली. किल्ली त्याच्या हातातच होती. मी रोज एसटीने न्हावरे-दौंड करायचो आणि गाडी चुकली की ऑफिसच्या बाकावर अंग टाकायचो. अंग आंबायचं त्याचं काही नाही, डोकं फार तापायचं.

तेव्हा आप्पांनी "नाव?" म्हणून विचारलं, मी नाव सांगितलं आणि दात आवळून पुढच्या प्रश्नाची वाट बघत राहिलो.

"घोरता का?"

"काय?"

"झोपंत. घोरता का?"

"ठाऊक नाही. मी कधी जागा नव्हतो."

आप्पा खूश झाले. घराकडे तोंड करून त्यांनी आरोळी ठोकली, "अगं ए, कॅमेरा गेला!"

कॅमेरा भाड्याने आणायला गेलेला मी असा खोली घेऊन परत आलो.

आप्पा मूळचे शिरूरकडचे, चौथी शिकलेले. दुसऱ्या महायुद्धात ते आफ्रिकेच्या वाळवंटात पकडले गेले, तिथून कैदी म्हणून इटलीत, इटलीतून जर्मनीत, आणि शेवटी रशियन फौजेने त्यांना सोडवलं. सरकारी खर्चाने एवढी युरोपची सफर फार थोड्यांना घडली असेल. सरकारं तेवढी दुसऱ्यांची होती. त्यांच्याबरोबरच्या लोकांनी परत येताना घड्याळं आणली, कोट आणले. आप्पा एक शब्द घेऊन आले. जर्मनीत कामावर त्यांच्या जोडीला एक फ्रेंच मास्तर होता, तोही कैदी. दोघं मोडक्या इंग्रजीत बोलायचे, आणि मास्तर पडला शब्दांचा षोकी. थंडीने बोटं गारठत असताना त्या माणसाने आप्पांना हा शब्द सोलून दाखवला.

"मूळ ग्रीक," आप्पा सांगायचे. "कामारा. म्हंजी कमान, वरनं वाकवलेलं छप्पर. तिथनं रोमवाल्यांनी उचललं, त्यांची झाली कमानीची खोली. पुढं कमान पडली, खोली ऱ्हायली. इटलीत कुनाच्याबी घरी जावा, निजायची खोली म्हंजी कामेरा. फ्रेंचाच्या तोंडात त्येचं झालं शांब्र, विंग्रजानं केलं चेंबर. जर्मन म्हनतो कामर, पन त्येची बारकी आसती, आडगळीची. आन् रशियन कामेरा म्हनला का समजायचं, दाराला भाईरनं कुलूप. तुरुंगातली कोठडी."

"आणि आपला फोटोचा कॅमेरा?"

"त्यो ह्येंचा धाकटा. आदी सबंद खोलीच आसायची, अंधारी. भिताडाला बारीक भोक. भाईरचं झाड आत उलटं दिसायचं. मग खोली बारीक करत करत खोक्यात आनली. नावातलं अंधारी गळलं, खोली तेवढी ऱ्हायली. आन् एका खोलीत निजनारं शिपाई, त्यांला स्पेनवालं म्हनायचं कामाराद. त्योच तुमचा लाल बावट्याचा कॉम्रेड. आन् पोर्तुगीजाच्या गलबतातनं ह्योच सबूद हिकडं उतरला. उत्तरंकडची मान्सं खोलीला काय म्हनत्यात? कमरा!"

इथपर्यंत आले की आप्पांना थांबवणं कठीण. कामगार हा शब्दही यातूनच निघाला, कारण एका खोलीत दहा निजतात ते कामगार. आणि लोणावळ्याअलीकडचं कामशेतसुद्धा यातलंच, हे ते छातीठोकपणे सांगत. पुढे मी पुण्यात भाषेच्या एका प्राध्यापकांपाशी हे सगळं बोललो. ते म्हणाले, ग्रीकपासून कमऱ्यापर्यंत तुमच्या आप्पांचं बरोबर आहे, कामगार आणि कामशेत मात्र सोडायला सांगा. मी ते आप्पांना सांगितलं नाही. कामशेत सोडणं त्यांना जमलं नसतं.

शब्द एकदा हातात आल्यावर आप्पांनी तो जपून वापरला असं मात्र नाही. फ्रेंच आणि रशियन लोक चाकातल्या ट्यूबलाही हेच नाव देतात, कारण ती हवेची खोली. म्हणून आप्पा सायकलच्या दुकानात जाऊन सांगायचे, "माझा कॅमेरा पंक्चर झालाय." दुकानदार सुरुवातीला घाबरला, मग सरावला, आणि शेवटी त्याच्याकडे येणाऱ्या नव्या गिऱ्हाइकांना तोच समजावून सांगू लागला. खोलीला कमान नसेल तर तो कॅमेरा कसला, म्हणून गवंड्याला मुद्दाम बोलावून ती कमान बांधून घेतली होती. ज्या ज्या पाहुण्याचं डोकं आपटे तो ग्रीसला जाऊन आल्यासारखं आप्पांना वाटे.

एकदा स्टेशनसमोरचा स्टुडिओवाला भांडायला आला. लग्नसराई होती आणि त्याची गिऱ्हाइकं पाटी वाचून इकडे वळत होती. "आप्पा, तुम्ही माझ्या पोटावर पाय देताय," तो म्हणाला.

आप्पांनी त्याला बसवलं. "तुमच्या ष्टुडिओत फोटो धुवायची अंधारी खोली हाय का?"

"हाय की."

"त्यो कॅमेरा. तुमच्या गळ्यात हाय ते त्येचं पिल्लू. पिल्लाचं नाव आईला लावलं तर तुमचं काय बिगडलं?"

स्टुडिओवाला निरुत्तर झाला, आणि निरुत्तर माणसाला आप्पा हमखास चहा पाजत. माझ्या बहिणीच्या लग्नाचे फोटो पुढे त्यानेच काढले, आप्पांच्या शब्दाखातर.

या सगळ्याचा जाच मामींना, म्हणजे आप्पांच्या बायकोला. लोको शेडच्या काजळीने वाळत घातलेली लुगडी काळी होतात याचं त्यांना काही वाटत नसे, पण दारात कुणी "कॅमेरा हाय का?" म्हणून उभं राहिलं की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जाई. "लोकांच्या घरात सवत येती," त्या मला म्हणायच्या, "माज्या घरात सबूद आला."

आप्पांचा एक नियम होता. एकट्याला ते खोली देत नसत. "एकटा मानूस आत आसला का त्येची कोठडी व्हती. दोगं आसलं का कामाराद." माझ्या आधीपासून त्या खोलीत बिरू होता आणि जोडीदाराची बदली झाल्यामुळे दुसऱ्या माणसाच्या प्रतीक्षेत होता. बिरू इंजिनावर फायरमन. त्याचे आजोबा मेंढरांमागे मुलूखभर हिंडलेले, वडील आता शिरूर तालुक्यात कांदा लावून स्थिर झालेले. तो घोरायचा. आधी सांगून घोरायचा, पण घोरायचा. मालगाडी घाट चढते तसा दमत दमत वर जायचा, मध्येच थांबून वाफ सोडायचा, आणि सकाळी उठून मलाच विचारायचा, "तुमी घोरता व्हय?"

माझं आडनाव त्याला पहिल्याच आठवड्यात कळलं. त्याने ते मनात घोळवलं आणि म्हणाला, "आमचा आजा मेंढरं घिऊन गावात निघाला का त्यालाबी येशीभाईर थांबवायचे. वर कुत्री सोडायचे." आणि तंबाखूची डबी माझ्यापुढे धरली. तो विषय आमच्यात तिथेच संपला.

आप्पांच्या सफरीत मात्र एक गाळलेली जागा होती. इटलीतला कॅम्प कसा होता हे ते रंगवून सांगत. इटलीने हार मानली, पहारेकरी पळाले, कैदी फाटकातून चालत बाहेर पडले, हेही सांगत. पुढची गोष्ट एकदम जर्मनीत सुरू व्हायची. "पण सुटला होतात ना? मग जर्मनीत कसे पोचलात?" असं विचारलं की आप्पा सायकलला तेल घालायला उठत. बिरूने आणि मी बरेचदा विचारून पाहिलं. त्या सायकलएवढं तेल अख्ख्या दौंडात कुठल्या सायकलने प्यायलं नसेल.

ती जागा भरली ती शकूला बघायला पाहुणे आले त्या दिवशी.

शकू ही आप्पांची एकुलती मुलगी, मॅट्रिक झालेली, तोंडाने फटकळ. स्थळ शिरूरचं, मामी जुन्या वळणाने घोडनदीच म्हणत. मुलगा कारेगावच्या शाळेत मास्तर होता. आधीची दोन स्थळं आप्पांच्या पाटीपायी हसून परत गेली होती, त्यामुळे मामींनी यावेळी पाटीवर गोणपाट टाकलं होतं आणि आप्पांना धोतर नेसवलं होतं. मुलगा, त्याचे मामा आणि दोन वडीलधारी माणसं ओटीवर बसली होती. पोहे झाले होते, मुलगी बघून झाली होती, मुलाने मान खाली घालून पसंती दाखवली होती. मामींचा चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिला नव्हता.

मी ड्यूटीवरून येत होतो. खोलीकडे जायचं तर अंगणातूनच जावं लागे.

"हे कोण?" मुलाच्या मामांनी विचारलं.

"आमचं भाडेकरू. रेल्वेत हायेत," आप्पा म्हणाले.

"आडनाव?"

"त्ये मी कवा इचारलं न्हाई."

मामांना ती थट्टा वाटली. ते माझ्याकडे वळले. "तुमीच सांगा की मग."

मी आडनाव सांगितलं. मोठ्याने, स्पष्ट. त्यात लपवण्यासारखं तेव्हाही काही नव्हतं आणि आजही नाही. मामांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. मी हे कप खाली ठेवणं ओळखून होतो.

"आप्पा," ते सावकाश म्हणाले, "पोरगी आमाला पसंत हाय. पन एका अंगनात, एका नळावर... आमच्याकडं न्हाई चालत ह्ये. येवढी खोली तुमी रिकामी करून घ्या. मग साखरपुड्याचं बोलू."

मामींनी दाराच्या चौकटीला हात लावला. मी तसाच उभा राहिलो, आणि खरं सांगतो, त्या क्षणी मी मनाने ट्रंक भरायलाही लागलो होतो. एका खोलीसाठी मुलीचं लग्न मोडावं असं कुठला बाप करेल?

आप्पांनी पटका काढून मांडीवर ठेवला. "पाव्हनं, एक गोष्ट ऐका. मग काय त्ये ठरवू."

आणि त्यांनी गाळलेली जागा सांगितली.

"कॅम्पातनं सुटल्यावर मी डोंगरात हिंडत व्हतो. पायात फाटकं बूट, पोटात काय न्हाई. एका घराशी म्हातारी दिसली. तिनं मला आत घितलं, भाकरी दिली. मी काळा का गोरा, कुठला, कोन, काय इचारलं न्हाई. मग जिन्याकडं बोट करून म्हनाया लागली, कामेरा, कामेरा. मला तवा त्यांची भाषा 'भाकरी दे' आन् 'चल नीघ' एवढीच येत व्हती. आमच्या ऑफिसरकडं फोटोचा कॅमेरा व्हता, त्यो मला ठावं. म्हटलं, ही माझा फोटो काढनार आन् जर्मनांला दाखवनार. मी हातानं न्हाई न्हाई केलं. तर तिनं मान तिरकी केली आन् गालाखाली हात धरून दाखवला. झोप म्हनत व्हती ओ ती! मला वाटलं, फोटोला कसं बसायचं त्ये शिकवती."

मुलाला हसू आलं. ते त्याने दाबलं.

"मी पळालो. भाकरी हातात, पळालो. डोंगराखाली गवताच्या गंजीत घुसलो. दोन दिसांचा जागा मानूस, लागली झोप. रस्त्यानं जर्मनांची गाडी चालली व्हती. त्यांला मी दिसलो न्हाई पाव्हनं. ऐकू आलो."

मुलाने मान वर केली.

"तिथनं जर्मनी. लढाई सपंस्तवर कोठडी. माझ्यासंगं नेलेली बरीच मान्सं परत आली न्हाईत. वरच्या मजल्यावर बिछाना घालून ठिवला व्हता माझ्यासाठी. एक सबूद कानावर पडला, त्येला भ्यालो आन् खोली घालवली. तवाच ठरवलं. माझ्या दारात जो यील त्येला सबूद इचारायचा न्हाई. त्येचं गाव, जात, आडनाव, ह्ये समदं सबूदच हायेत. नावाफुडं मी एकच इचारतो, घोरतो का. त्येच्यानं खरं मरन येतं." आप्पा उठले, पाटीवरचं गोणपाट ओढून काढलं आणि पुन्हा येऊन बसले. "कॅमेरा रिकामा व्हनार न्हाई. आता मला सांगा, तुमचा मुलगा घोरतो का?"

मामा तट्‌कन उठले. "आमी हितं चेष्टा करून घ्यायला आलो न्हाई," म्हणाले. मंडळी चपला घालून बोळातून निघून गेली. मुलगा शेवटी निघाला. पाटीखाली तो जरासा थांबला, मामांनी हाक मारली, आणि तोही गेला.

त्यानंतरचे दिवस मला अजून आठवतात ते मामींच्या आवाजाविना. त्या आप्पांशी बोलेनात, माझ्याशीही बोलेनात, ताटं तेवढी वेळेवर वाढायच्या. मी ट्रंक भरून दाराशी आणून ठेवली. आप्पांना सांगायचं धाडस होईना, म्हणून शकूला सांगितलं, की मी जातो, तुमचं ठरू दे.

तिने कमरेवर हात ठेवले. "तुम्ही गेलात तर आप्पा बोलले ते फुकट गेलं. साऱ्या युरोपच्या गोष्टी सांगितल्या, पण ती म्हातारीची गोष्ट त्यांनी मला कधी सांगितली नव्हती. आणि तो मुलगा घोरत असला, तर निस्तरणार कोण? मीच ना? मग विचारलं ते बरंच झालं." ती आत गेली. बिरू कॉटवर पडल्या पडल्या म्हणाला, "ट्रंक वाटंत हाय. रातच्याला ठेचकाळंल कुनीतरी." मी ती हलवली नाही. जायचं की राहायचं हे माझं ठरत नव्हतं आणि ट्रंक तिथे असली की ठरवायचं राहिलंय एवढं तरी लक्षात राहायचं.

रविवारी दुपारी मी अंगणात दाढी करत होतो. बोळात कुणीतरी पाटीसमोर उभं होतं, बराच वेळ.

"वाचून झालं आसंल तर आत या," आप्पा ओरडले. "उनात उभं ऱ्हाऊन अक्कल वाढत न्हाई."

आत आला तो कारेगावचा मास्तर. एकटा. एसटीच्या धुळीने भुवया पांढऱ्या झालेल्या. आप्पांना नमस्कार करून तो ताठ उभा राहिला, वर्गात धडा म्हणायला उभं केल्यासारखा.

"आप्पा, मी घोरतो," तो म्हणाला. "आधी सांगावं म्हणून आलोय."

ग्रीकपासून कामशेतपर्यंत ज्यांच्याकडे शब्दाला तोटा नव्हता, त्या आप्पांना एक शब्द सापडेना. त्यांनी पटका काढला, पुन्हा घातला, आणि मग माझ्याकडे बघून कसंबसं म्हणाले, "कामाराद, पाव्हन्यांला कॅमेरा दाखवा."

अर्ध्या चेहऱ्याला साबण तसाच ठेवून मी त्याला घेऊन गेलो. दारात त्याचं कपाळ दाणकन कमानीवर आपटलं. "डोकं सांभाळा," मी मागून म्हणालो. कपाळ चोळत तो सरळ माझ्या कॉटवर जाऊन बसला. मला त्या माणसाबद्दल इतकं बरं वाटलं की साबणामुळे डोळे चुरचुरतायत असं दाखवावं लागलं.

"आणि तुमचे मामा?" मी विचारलं.

"मामा रागावलेत. आई रागावली नाही. लग्न मला करायचंय." त्याने पलीकडच्या कॉटकडे पाहिलं. "ही कुणाची?"

"बिरूची. फायरमन आहे. तोही घोरतो."

"मग मी काय एकटा नाही," मास्तर म्हणाला.

बाहेर आप्पांना एकदाचा आवाज फुटला होता. "अगं ए," आरोळी आली, "पोरगी गेली!"

"तुमच्या जिभंला काय हाड!" मामींचा आवाज आला, कितीतरी दिवसांनी. "गेली काय म्हनता? शुभ बोला!" आणि पाठोपाठ कढई चुलीवर आदळल्याचा आवाज.

मी दाराशी गेलो, ट्रंक उचलली आणि परत कॉटखाली सरकवली.